बर्फाचं बुकिंग होत नाही

आमच्या फ्रिजच्या दारावर मिशिगन राज्याचे दोन स्टिकर लावलेले आहेत. प्रत्येकी ५२ डॉलरचे. ३० सप्टेंबर २०२४ला त्यांची मुदत संपली. लावायचे असतात स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीवर, पण ज्या हिवाळ्यासाठी घेतले त्या हिवाळ्यात आम्हाला स्नोमोबाइल नजरेसही पडली नाही. आणि पडली असती तरी ते स्टिकर आम्हाला लागलेच नसते, हे नंतर कळलं.

ही सहल व्हायला दोन हिवाळे लागले. ठरवताना मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून शोधलं, तर मनालीच्या अर्ध्या तासाच्या फेऱ्यांपलीकडे काही सापडलं नाही. म्हणून आमचा गोंधळ तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आम्ही शिकागोजवळ राहतो. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी तासाभराच्या अंतरावर. ऑक्टोबर २०२३मध्ये दसऱ्याला सगळे आमच्याकडे जेवायला होते, तेव्हा दादाने विषय काढला. मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, जाऊ, चार दिवस स्नोमोबाइल चालवू. तिकडचे लोक त्या भागाला नुसतं ‘यूपी’ म्हणतात. फोनवर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “यूपीत कुठला गं बर्फ?”

तिथे बर्फ का पडतो हे आधी समजून घेतलं असतं तर बरंच काही टळलं असतं. किवीनॉ नावाचा जमिनीचा एक सुळका लेक सुपीरियरमध्ये आत घुसलेला आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडी, गारठलेली हवा त्या प्रचंड तळ्यावरून येते, वाटेत पाण्याची वाफ आणि ऊब उचलते आणि किनाऱ्याला चढताना ती सगळी बर्फ होऊन खाली टाकते. याला लेक इफेक्ट स्नो म्हणतात. तळं असतंच, पण हवा थंड असेल तरच हा कारखाना चालतो. हवाच उबदार असली की कारखाना बंद. इतकं साधं गणित, पण आम्ही मात्र ‘तिकडे नेहमीच पडतो’ एवढ्यावर विसंबून राहिलो.

आम्ही निवडली प्रेसिडेंट्स डेची लांब सुट्टी, १६ ते १९ फेब्रुवारी २०२४. म्हणजे नेमकी सगळी दुनिया निवडते तीच. किवीनॉतल्या हॉटन गावातल्या एका हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. रात्रीचे १८९ डॉलर, कमीत कमी तीन रात्री घ्यायलाच हव्यात अशी अट. कर धरून एका खोलीचे साधारण ६३० झाले. रद्द करायचं तर १४ दिवस आधी, नंतर पूर्ण पैसे जाणार. हे वाचलं होतं. वाचून ‘ठीक आहे’वर टिचकीही मारली होती. वाचणं आणि समजणं यात फरक असतो.

त्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात मी मिशिगनचे ट्रेल परमिट, म्हणजे फ्रिजवरचे तेच स्टिकर, ऑनलाइन विकत घेतले. सार्वजनिक ट्रेलवर, म्हणजे स्नोमोबाइलसाठी राखलेल्या वाटांवर, चालणाऱ्या प्रत्येक स्नोमोबाइलवर हे परमिट लागतं, मग ती कुठल्याही राज्याची असो. १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर अशी मुदत. या पैशातून ट्रेल राखले जातात, त्यामुळे देताना वाईट वाटायचं कारण नाही. पण परमिट माणसाचा नसतो, मशीनचा असतो. भाड्याच्या मशीनवर दुकानदाराने तो आधीच लावलेला असतो. मला हे कळलं डिसेंबरमध्ये, दुकानाला फोन केल्यावर. पलीकडचा माणूस हसला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. तेव्हा पहिली सूचना हीच: मशीन भाड्याची असेल तर आधी दुकानाला विचारा, मग सरकारी वेबसाइट उघडा.

डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीच्या मध्याला कडाक्याची थंडी पडली, दोन-तीन दिवस चांगला बर्फही झाला. दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, “घोडं गंगेत न्हालं!” आठवडाभरात हवा फिरली. जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात अशी उबदार गेली की शिकागोत लोक पातळ जॅकेटमध्ये फिरत होते. आमची रद्द करायची शेवटची तारीख होती २ फेब्रुवारी.

त्या दिवशी संध्याकाळी चौघांचा फोन झाला. अंदाज वाईट होता, पण चौदा दिवसांनंतरचं कुणाला कळतं? नवरा म्हणाला, रद्द करू. दादा म्हणाला, “अरे, यूपी आहे ते, एका रात्रीत फूटभर पडेल.” मी काहीच बोलले नाही, ही माझी चूक. आम्ही रद्द केलं नाही. सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये चक्क टोर्नेडो आला. त्या राज्यात फेब्रुवारीत टोर्नेडो आल्याची ही पहिलीच नोंद. ती बातमी वाचल्यावर दादासुद्धा गप्प झाला. यूपीतल्या मार्केट नावाच्या गावची ‘यूपी २००’ ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची मोठी शर्यत त्या वर्षी बर्फाअभावी रद्द झाली. विस्कॉन्सिनची बर्केबायनर ही स्की शर्यत कृत्रिम बर्फाच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात फिरवावी लागली. त्यापुढे आमच्या दोन खोल्यांचं काय घेऊन बसलात.

दुकानाने मशीनचे आगाऊ पैसे मुकाट्याने परत केले, कारण ते मशीन बाहेर काढतच नव्हते. हॉटेलचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्यांच्या बाजूने बरोबरही होतं: खोली तयार आहे, हीटर चालू आहे, या आणि राहा. बर्फाचं आम्ही काही कबूल केलेलं नव्हतं. तीन फोन आणि एका लांबलचक ईमेलनंतर प्रत्येक खोलीमागे २०० डॉलरचं क्रेडिट मिळालं, ३१ मार्च २०२५पर्यंत वापरायचं. म्हणजे एका खोलीचे ४३० बुडाले, वर माझ्या परमिटचे १०४.

दुकानातल्या त्याच न हसणाऱ्या माणसाला मी विचारलं होतं, की थोडा तरी बर्फ आहे ना, मग का नाही देत? त्याचं उत्तर मला पुढे फार उपयोगी पडलं. आजच्या बहुतेक स्नोमोबाइलचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि ते पाणी थंड होतं ते मशीनच्या मागच्या फिरत्या रबरी पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने. तो बर्फ मशीनच्या पोटाखालच्या धातूच्या पन्हळीवर बसतो, वितळतो आणि उष्णता घेऊन जातो. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांनाही वंगण मिळतं ते बर्फाचंच. वाट नुसती कडक गोठलेल्या बर्फाची किंवा मातीची असेल तर इंजिन तापतं आणि त्या पट्ट्या घासून वितळतात. म्हणजे बर्फ हा इथे फक्त रस्ता नाही, कूलंट आणि तेलही तोच.

एप्रिल २०२४मध्ये दुकानांत हिवाळी कपडे निम्म्या किमतीला निघाले. आम्ही दोघांसाठी जाड बिब पँट आणि बूट ३४० डॉलरमध्ये घेतले. पहिल्या हिवाळ्यातून एवढीच काय ती कमाई.

दुसऱ्या वर्षी मी सगळी सूत्रं आपल्या हातात घेतली. चौघांत सगळ्यात भित्री मीच आणि असल्या कामाला भित्रं माणूसच हवं. पहिल्यांदा कॅलेंडरवर जायची तारीख लिहिली नाही. आधी लिहिली ती रद्द करायची तारीख. अंदाजावर थोडाफार विश्वास ठेवता येतो तो पाच-सहा दिवसांपर्यंत. त्यामुळे जिथे तीन दिवस आधीपर्यंत पैसे न कापता रद्द करता येईल तिथेच खोली घ्यायची, असं ठरवलं. त्याच हॉटेलला फोन केला (क्रेडिट होतं ना!) आणि विचारलं, की मधल्या वारी आलो तर? तिथलं चित्रच पालटलं. मंगळवार ते शुक्रवार, रात्रीचे १२९, ७२ तास आधीपर्यंत रद्द करता येईल, कमीत कमी रात्रींची अट नाही. वेबसाइटवर हे कुठेच नव्हतं, फोनवरच कळलं.

तारखा ठरवताना आणखी एक गोष्ट पाहिली. हॉटनमध्ये मिशिगन टेक विद्यापीठ आहे आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा विंटर कार्निव्हल असतो. बर्फाचे मोठमोठे पुतळे, माजी विद्यार्थी, गर्दी. त्या आठवड्यात खोली मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. कार्निव्हल संपल्यानंतरचा आणि प्रेसिडेंट्स डेच्या आधीचा, असा मधला सांदीतला आठवडा घेतला: ११ ते १४ फेब्रुवारी २०२५.

डिसेंबरात सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स केला. मिशिगनमध्ये प्रौढांना तो सक्तीचा नाही, १२ ते १६ वयाच्या मुलांसाठी आहे. पण कधी शेजारच्या राज्यात जायचं झालं तर लक्षात ठेवा: विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८५ला किंवा नंतर जन्मलेल्यांना मशीन चालवायला प्रमाणपत्र लागतं, मिनेसोटात १९७६नंतर जन्मलेल्यांना. माझा जन्म १९८६चा, नवऱ्याचा १९८३चा. म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये तो तसाच चालवू शकतो आणि मी नाही, यावर त्याने घरात दोन दिवस भाव खाल्ला. कोर्सला दोन-तीन संध्याकाळी गेल्या, माणशी तीसेक डॉलर. त्यात शिकलेले हातांचे इशारे मात्र खरंच लागतात. समोरून गट येत असेल तर पुढचा माणूस डावा हात वर करून बोटांनी दाखवतो की माझ्यामागे अजून किती मशीन आहेत. शेवटचा माणूस मूठ दाखवतो, म्हणजे मागे कुणी नाही. आंधळ्या वळणावर ही माहिती सोन्यासारखी.

आता ट्रेलच्या स्थितीबद्दल, कारण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते याने.

जानेवारीपासून मी रोज रात्री चार गोष्टी बघत होते. राष्ट्रीय हवामान सेवेच्या मार्केट कार्यालयाचा अंदाज, आणि त्यातही आकड्यांखाली हवामानतज्ज्ञ जे दोन-चार परिच्छेद लिहितात ते. त्यात खात्री किती आहे हेही लिहिलेलं असतं. दुसरं, जमिनीवर प्रत्यक्षात किती बर्फ साठलाय याचा नकाशा. तिसरं, राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची बंद ट्रेलची यादी. पुष्कळ ट्रेल खाजगी जंगलातून परवानगीने जातात. तिथे लाकूडतोड सुरू झाली की ट्रक जाण्यासाठी वाट खरवडून काढतात आणि ट्रेल वळवला जातो, भरपूर बर्फ असतानासुद्धा. चौथं म्हणजे मिशिगन टेकचे वेबकॅम. हॉटनच्या रस्त्यावर माणसं कशी चालताहेत एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

याशिवाय स्थानिक क्लब आणि लॉजवाले ट्रेलचे अहवाल टाकतात. ते वाचायची एक रीत आहे. विशेषण नंतर वाचायचं, आधी अहवालाची तारीख. ‘एक्सलंट’ लिहिलंय पण पाच दिवसांपूर्वीचं, मध्ये शनिवार-रविवार होऊन गेला, तर तो अहवाल शिळा. ‘फेअर’ म्हणजे ठीकठाक नव्हे, ‘आलात तर आमच्या नावाने बोटं मोडू नका’ असा अर्थ. आणि ज्याला खोली विकायची आहे त्याच्या डोळ्यांना बर्फ जरा जाडच दिसतो. पडलेला बर्फ आणि बेस यातही गफलत होते. दहा इंच ताजा, भुसभुशीत बर्फ दाबला की दोन इंच उरतो. बेस म्हणजे दाबून, गोठून घट्ट बसलेला थर. तो एका रात्रीत तयार होत नाही, त्यामुळे दादाचं ते ‘एका रात्रीत फूटभर’ खरं झालं असतं तरी आमच्या फारसं कामाला आलं नसतं.

७ फेब्रुवारीला सकाळी मी दुकानात फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: “आज तुम्ही स्वतः, हौसेने, बाहेर पडाल का?” तो म्हणाला, कालच जाऊन आलो. मी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, “निघतोय.”

मंगळवारी ११ तारखेला पहाटे पाचला निघालो. शिकागोहून हॉटन सव्वाचारशे मैलांच्या आसपास. मिलवॉकी, ग्रीन बे, मग १४१ नंबरच्या रस्त्याने वर वर. ग्रीन बेनंतर गाड्यांमागच्या ट्रेलरवर स्नोमोबाइल दिसायला लागल्या आणि क्रिस्टल फॉल्सनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपल्या गाडीहून उंच भिंती. वाटेत कुठेतरी वेळ बदलते. शिकागो आणि यूपीचा विस्कॉन्सिनला लागून असलेला पट्टा सेंट्रल टाइमवर, हॉटन ईस्टर्नवर. फोन आपोआप तासभर पुढे गेले. दादाचं मनगटी घड्याळ गेलं नाही. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी साडेआठला दुकानात. कागदपत्रांना पाऊण तास लागला, तेवढा वेळ धरून चाला. चालकाचा परवाना, सहा पानी करार, प्रत्येक पानावर आद्याक्षरं. मशीनचं भाडं दिवसाला २९५, हेल्मेट आणि परमिट त्यातच, पेट्रोल आपलं. प्रत्येक मशीनमागे क्रेडिट कार्डवर १,५०० डॉलर अडकवून ठेवतात. नुकसानीचं संरक्षण दिवसाला ३५ जादा, आणि तेही पहिल्या हजारानंतरच लागू. मी निघण्याआधी आमच्या गाडीच्या विमा कंपनीला विचारलं होतं, त्यांनी स्वच्छ नाही म्हटलं, म्हणून ते ३५ दिले.

आम्ही तीन मशीन घेतल्या होत्या. वहिनी दादाच्या मागे बसणार होती. फॉर्मवर चालक म्हणून तीनच नावं. दुकानदाराने तिला विचारलं, तुम्ही नाही चालवणार? ती म्हणाली, “नको हो, मी बघते फक्त.”

मशीन ताब्यात घेताना मी चारही बाजूंनी फोटो काढले, खालून स्कीचे, म्हणजे पुढच्या दोन घसरपट्ट्यांचेसुद्धा. नवरा म्हणत होता, लग्नाचा अल्बम करतेस का. परत देताना डाव्या स्कीच्या टोकावरचा एक ओरखडा निघाला. फोटोत सकाळीच तो होता. विषय तिथेच मिटला.

चालवणं अवघड नाही. उजव्या अंगठ्याने थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) दाबायचं, डाव्या हाताने ब्रेक. एक गुंडाळी वायर जॅकेटला अडकवायची, पडलात तर ती ओढली जाऊन इंजिन बंद पडतं. हँडलला ऊब देणारी तार असते, ती पहिल्या मिनिटाला सुरू करा. सकाळी उणे १५ सेल्सियस होतं. ताशी साठ किलोमीटर वेगाने त्या हवेत उणे तीससारखं लागतं. चष्मा लावणाऱ्यांनो, तुमचा शत्रू थंडी नाही, तुमचा स्वतःचा श्वास आहे. हेल्मेटच्या आत नाकावर बसणारा श्वास-पडदा मागून घ्या, नाहीतर पहिला तास मी काढला तसा धुक्यात काढाल. सुती कपडा अंगाला नको, घाम आला की तो ओला राहतो आणि मग कुडकुडायचं.

हॉटन आणि हॅनकॉक या दोन गावांमध्ये एक उचलला जाणारा पूल आहे, १९५९चा. हिवाळ्यात गाड्या वरच्या मजल्यावरून जातात आणि स्नोमोबाइल खालच्या मजल्यावरून, जिथून पूर्वी आगगाडी जायची. त्या लोखंडी बोगद्यातून जाताना डोक्यावर ट्रकची धडधड आणि बाजूला गोठलेला कालवा. मला सबंध सहलीत सगळ्यात जास्त भीती तिथे वाटली आणि सगळ्यात जास्त मजाही.

पुलापलीकडे टेकडीवर क्विन्सी खाणीच्या शाफ्टवरची उंच इमारत दिसते. हा तांब्याचा मुलूख. कॅल्युमेट गावापर्यंतचा ट्रेल जुन्या रेल्वेच्या भरावावरून जातो, त्यामुळे चढ-उतार सौम्य, नवशिक्यांना उत्तम. कॅल्युमेटच्या अलीकडे एका साध्या डाव्या वळणावर मी बाहेर गेले. वेग पंचवीस मैलसुद्धा नसेल. वळणाऐवजी खांबावरच्या बाणाकडे बघत बसले आणि जिथे बघतो तिथे मशीन जाते. उजवी स्की कडेच्या मऊ बर्फात शिरली आणि अख्खी मशीन कुशीवर झोपल्यासारखी रुतली. मी उतरले तर कमरेपर्यंत आत. आवाज एकदम बंद. फक्त तापलेल्या इंजिनवर वितळणाऱ्या बर्फाचा चर्र आवाज आणि ऑइलचा वास.

नवरा ओढायला लागला, मीही. मशीन अडीचशे किलोच्या आसपास, हलेना. मागून आलेल्या गटातले दोघे थांबले, एक शब्द न बोलता. आधी त्यांनी मशीनभोवतीचा बर्फ बुटांनी तुडवून घट्ट केला. मग पट्ट्यासमोर उतार तुडवला. मग एकाने पुढची स्की तिच्या कडीला धरून ट्रेलच्या दिशेने वळवली आणि मला खूण केली: थ्रॉटल हळू. जोरात दाबलं असतं तर पट्ट्याने खड्डाच खणला असता. तीन झोक्यांत मशीन वर. त्यांनी हात वर केला, दोन बोटं दाखवली आणि गेले.

कॅल्युमेटला पेस्टी खाल्ली. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी आणलेला प्रकार, आत मांस, बटाटा, रुटाबागा नावाचा कंद. दिसायला मोठ्ठी करंजी. खाणीत खिशात घालून नेता यावी म्हणून अशी. आमच्याही खिशात एक गेली. दादाने मेनूवरची बिअर बघितली आणि वहिनीने दादाला बघितलं. इथेही कायदा गाडीसारखाच आहे, रक्तात अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के.

रात्री हॉटेलच्या खिडकीतून पिवळा दिवा फिरवत ग्रूमर जाताना दिसला. ट्रॅक्टरसारखं धूड, मागे लांब लोखंडी फणी. दिवसभर मशीननी केलेले उंचवटे तो कापतो, दळतो, सारवतो. रात्री अशासाठी, की सारवलेला बर्फ गोठून बसायला काही तास कुणी त्यावरून जाता कामा नये. म्हणून सकाळचा ट्रेल डांबरी रस्त्यासारखा आणि दुपारचा पाठीचे मणके मोजणारा. माघी पौर्णिमा होती. ढग क्षणभर बाजूला झाले आणि तो सारवलेला पट्टा अंगणासारखा चमकला.

गुरुवारी नाश्त्यालाच वहिनी म्हणाली, “मी पण चालवणार.” तिने कोर्स केलेला होता, कुणाला न सांगता. दुकानात पुन्हा सहा पानं, आद्याक्षरं, परवान्याची प्रत. जादा पैसे नाहीत, पण अर्धा तास गेला. चालवायची शंका जरी असली तरी पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं फॉर्मवर घाला. नाव नसलेल्या माणसाने चालवली आणि काही झालं तर संरक्षणाचे पैसे पाण्यात.

बेत कॉपर हार्बरचा होता, सुळक्याचं अगदी टोक. थंडीने फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, छातीशी. वेळ बघायला दादाचं घड्याळ. डेलावेअर नावाच्या जुन्या खाणगावाजवळ थांबलो तेव्हा घड्याळात साडेबारा. मशीन पाचला परत करायची. निवांत आहे म्हणून पेस्टी काढली. खाताना मी सहज फोन काढला: दीड वाजला होता. ते घड्याळ अजून शिकागोतच होतं.

कॉपर हार्बर बारा-तेरा मैलांवर. जाऊन परत यायचं तर अंधार, आणि उशिराचा दंड तासावर. परत फिरलो. परतीला दोन तास वहिनी पुढे आणि दादा मागे बसलेला. प्रत्येक रस्त्याच्या क्रॉसिंगला ती पूर्ण थांबायची, दोन्हीकडे बघायची, मग जायची. चार चाळीसला मशीन जमा केल्या.

शुक्रवारी गाडीनेच उत्तरेला मोहॉकपुढे जाऊन तो प्रसिद्ध फलक पाहिला: तीन मजली घराएवढी उंच मोजपट्टी, सगळ्यात वर १९७८–७९ सालची नोंद, ३९०.४ इंच. म्हणजे जवळजवळ दहा मीटर. मग घरचा रस्ता, सबंध विस्कॉन्सिनभर बर्फ पडत होता आणि बारा तास लागले.

आम्हा दोघांचा खर्च: मशीन करासकट १,२५०, संरक्षण १४०, हॉटेल क्रेडिट वजा जाता २३०, मशीनचं पेट्रोल ७५, गाडीच्या पेट्रोलचा निम्मा वाटा ५०. एकूण साडेसतराशेच्या आसपास, कपडे, कोर्स आणि पेस्ट्या सोडून. कार्डवर अडकलेले तीन हजार २१ फेब्रुवारीला सुटले. तोवर त्या कार्डावर दुसरा मोठा खर्च टाकू नका, आमची किराणा खरेदी एकदा परत आली.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर वहिनीचा मेसेज होता. पुढच्या हिवाळ्याला चार मशीन घ्यायच्या, दादाला नवं घड्याळ घ्यायचं, आणि रद्द करायची तारीख कुठली ते मी आत्ताच सांगायचं.